सीएलएवर सही करण्याआधी नियुक्तीपत्र बाहेर काढा

प्रश्न असा आहे: "पुण्यात एका आयटी सेवा कंपनीत चार वर्षं नोकरी करतोय. कामात वापरतो त्या एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) लायब्ररीतला बग शनिवारी घरी बसून दुरुस्त केला आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती, टाकली. दोन मिनिटांत प्रकल्पाच्या बॉटची, म्हणजे आपोआप तपासणी करणाऱ्या प्रोग्रामची, कमेंट आली की आधी कॉन्ट्रिब्यूटर लायसन्स ॲग्रीमेंटवर, म्हणजे सीएलएवर, सही करा. तोवर कोड आत घेता येणार नाही. बदल जेमतेम पंधरा ओळींचा आहे. सही केली तर माझा कोड त्यांच्या मालकीचा होतो का? उद्या त्यांनी तो विकायला काढला तर? आणि माझ्या कंपनीला कळलं तर?"

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. सही करायला बहुधा हरकत नसेल, पण आजच्या आज करू नका. आधी नियुक्तीपत्र काढून वाचा, मग सीएलएचा मजकूर वाचा, मग सही करा. बहुतेक मुलं आधी सही करतात आणि नियुक्तीपत्र थेट राजीनाम्याच्या वेळी उघडतात. मी सतरा वर्षं ओपन सोर्समध्ये कोड पाठवतोय, आणि त्यातली बरीचशी वर्षं दुसऱ्यांचा कोड तपासून आत घ्यायचं काम करतोय. मी वकील नाही, त्यामुळे वाद उभा राहिलाच तर वकील गाठा. पण वाद उभाच राहू नये म्हणून काय करायचं, ते मला अनुभवाने माहीत आहे.

आधी मालकीचं बघू. सीएलए या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एकीत तुम्ही कॉपीराइटच लिहून देता. जमिनीच्या भाषेत हे खरेदीखत झालं, सातबाऱ्यावरचं नाव बदललं. दुसरीत तुम्ही फक्त परवाना देता. विहीर तुमच्याच नावावर राहते, पण समोरच्याला तिचं पाणी उपसायची, वाटायची आणि पुढे तिसऱ्याला द्यायची कायमची मुभा मिळते, आणि ही मुभा तुम्हाला मागे घेता येत नाही. विहिरीपेक्षा इथे बरं इतकंच की कुणी कितीही उपसलं तरी तुमचं पाणी आटत नाही. तोच कोड तुम्ही दुसऱ्या कुणालाही, कुठल्याही अटीवर देऊ शकता.

हल्ली बॉट समोर ठेवतो ते करार बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यातल्या बऱ्याच करारांचा साचा अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या वैयक्तिक कराराचा आहे. गूगलचा करारही त्याच साच्यातला. कोडवरचे बाकी सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. खरेदीखताचा प्रकार जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या जुन्या प्रकल्पांमध्ये होता. तिथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावावर कॉपीराइट करून द्यावा लागे, आणि नोकरदार माणसाला मालकाकडून हक्क सोडल्याचा वेगळा कागद आणावा लागे. जीसीसी कंपायलरने ही सक्ती २०२१ मध्ये उठवली, जीलिबसी या लायब्ररीनेही त्याच वर्षी. ओरॅकलच्या करारात तिसराच मार्ग आहे, सामाईक मालकी: हक्क तुमचाही आणि त्यांचाही. तेव्हा तुमच्या कराराच्या पहिल्या दोन परिच्छेदांत "असाइन" हा शब्द आहे की "ग्रँट" आणि "लायसन्स" हे शब्द आहेत, ते आधी शोधा. पंधरा ओळींच्या बग-फिक्ससाठी कुणी "असाइन" मागत असेल, तर तो प्रकल्प कोणाचा आहे हे कळेपर्यंत मी थांबेन.

"कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे शब्द बघून मात्र दचकू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कलम ३०अ हेच नियम, योग्य त्या फरकाने, परवान्यालाही लावतं. म्हणजे हे शब्द कागदावर नसते, तर भारतातल्या माणसाने दिलेला कोड पाच वर्षांनी संपला की काय, असा प्रश्न कुणीतरी काढू शकला असता. जो कोड जगभरच्या यंत्रांवर चालणार आहे, त्याच्या करारात ते शब्द हवेतच.

आता नोकरीकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

अपाचेच्या साच्यातल्या चौथ्या कलमात तुम्ही एक कबुली देता: हा परवाना द्यायचा मला कायदेशीर अधिकार आहे, आणि माझ्या कामावर मालकाचा हक्क असेल तर मालकाची परवानगी घेतलेली आहे, किंवा त्याने तो हक्क सोडलेला आहे, किंवा त्याने प्रकल्पाशी वेगळा कंपनी-करार केलेला आहे. सही म्हणजे खरी ही कबुली. परवाना देणं हा सोपा भाग झाला. जे आपलं नाही ते दिलं तर अडचण होते.

आपलं आहे की नाही, हे कसं ठरतं? कॉपीराइट कायद्याचं कलम १७(क) सांगतं की नोकरीच्या कराराखाली, नोकरीचं काम म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक म्हणजे नोकरी देणारा, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. एवढंच असतं तर शनिवारी स्वतःच्या लॅपटॉपवर केलेलं काम तुमचं, असं म्हणायला भक्कम जागा होती. पण नियुक्तीपत्रं कायद्याच्या बरीच पुढे जातात. हिंजवडीपासून खराडीपर्यंत मी वाचलेल्या बहुतेक नियुक्तीपत्रांत या अर्थाचं वाक्य असतं: नोकरीच्या काळात, कामाच्या वेळेत किंवा वेळेबाहेर, कंपनीची साधनं वापरून किंवा न वापरता, तुम्ही जे निर्माण कराल त्यावर हक्क कंपनीचा. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याचं कलम २८७० अशा वाक्याला लगाम घालतं. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर केलेलं आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं संशोधन तिथे मालकाला असं हिरावून घेता येत नाही. बे एरियातला मित्र "घरी केलंय ना, मग तुझंच आहे" असं छातीठोकपणे सांगतो ते म्हणूनच. आपल्याकडे तसं कलम नाही.

सेवा कंपनीत याच्यावर आणखी एक थर असतो. तुमची कंपनी क्लायंटसाठी काम करते आणि त्यांच्यातल्या मुख्य करारात केलेल्या कामाचा हक्क साधारणपणे क्लायंटकडे जातो. तो करार तुम्ही कधी पाहिलेला नसतो. तुम्ही लिहिलंय की ही लायब्ररी तुम्ही "कामात वापरता". म्हणजे बग बहुधा क्लायंटच्या प्रकल्पात सापडला. दुरुस्तीचा पहिला प्रयत्न तुम्ही कुठे केला? ऑफिसच्या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) तात्पुरता पॅच, म्हणजे दुरुस्ती, लावून बघितला होता का? पुल रिक्वेस्टमध्ये टेस्ट जोडली असेल, तर तिच्यातली नमुना फाइल आली कुठून? हे प्रश्न वकिली वाटतील, पण मी कोड तपासतो तेव्हा शेवटचा प्रश्न दर वेळी विचारतो. टेस्टच्या फोल्डरमध्ये एकदा एक सीएसव्ही फाइल आली होती. तिच्यात खऱ्या माणसांची नावं होती आणि दहा आकडी मोबाइल नंबर होते. पाठवणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बग ज्या फाइलमुळे सापडला तीच त्याने जोडली होती. तुमच्या फाइलमध्ये तसं काही असेल, तर सीएलए बाजूला ठेवा आणि ती आधी काढा. नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, टाकून फाइल पुसली तरी ती इतिहासात राहते आणि कमिटचा क्रमांक माहीत असलेल्याला दिसू शकते. म्हणून शाखा नव्याने बनवून फोर्स-पुश करा, म्हणजे जुनीच्या जागी नवी चढवा, आणि जुना कमिट सर्व्हरवरून काढायला होस्टिंगवाल्यांना लिहा. तो डेटा क्लायंटचा निघाला तर ऑफिसलाही त्याच दिवशी सांगा.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. माझ्या दुसऱ्या नोकरीत मी एका प्रकल्पाचा वैयक्तिक सीएलए घरून सही केला. कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आठ महिन्यांनी कंपनी विकली जाण्याची बोलणी सुरू झाली. घेणाऱ्यांच्या वकिलांनी सगळ्या कर्मचाऱ्यांकडून ओपन सोर्समधल्या कामाची यादी मागवली. माझे एकतीस कमिट निघाले. त्यातल्या सहांची सुरुवात ऑफिसच्या रेपॉझिटरीत, ऑफिसच्या वेळेत झाल्याचं तारखांवरून दिसत होतं. मी प्रकल्पाला तसं प्रामाणिकपणे कळवलं, कारण दिलेली कबुली चुकीची असल्याचं लक्षात आलं तर कळवायचं, हेही त्याच करारात लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगमध्ये एकाखाली एक सहा ओळी दिसल्या, प्रत्येकीची सुरुवात "रिव्हर्ट" (बदल मागे घेतला) या शब्दाने आणि पुढे माझं नाव. कंपनीने पूर्वलक्षी परवानगीचं पत्र द्यायला सात आठवडे घेतले. नोकरी गेली नाही, प्रकल्पातल्या लोकांनीही समजून घेतलं. पण त्या सात आठवड्यांत माझ्या दुरुस्तीवर विसंबलेल्या लोकांच्या यंत्रांवर तो बग परत आला होता, आणि त्यांच्या तक्रारी मी रोज वाचत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून एक मेल लिहा. टीम लीडला नको. त्याला हा अधिकार नसतो आणि त्याच्या "कर रे, काही होत नाही" ला काही किंमत नसते. एचआर किंवा लीगलला लिहा, मॅनेजरला सोबत ठेवा. मजकूर साधा असू द्या: मी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या लॅपटॉपवर, अमुक लायब्ररीत अमुक बग दुरुस्त केला आहे. लायब्ररी अमुक परवान्याखाली आहे. यात कंपनीचा किंवा क्लायंटचा कोड, डेटा वा गोपनीय माहिती नाही. हे काम प्रकल्पाला द्यायला आणि त्यासाठी सोबतच्या करारावर वैयक्तिक सही करायला कंपनीची हरकत नाही, असं लेखी कळवावं. जे खरं नसेल ते वाक्य लिहू नका. वेळ ऑफिसचा असेल तर तसं लिहा. आणि उत्तर देताना तुमचा खासगी मेल पत्ता सोबत ठेवायची विनंती करा. राजीनाम्यानंतर ऑफिसचा मेलबॉक्स बंद होतो, आणि या कागदाची गरज नेमकी त्यानंतरच पडते.

मोठ्या कंपन्यांत यासाठी ओपन सोर्सचं वेगळं कार्यालय असतं, आणि त्यांनी त्या प्रकल्पाशी कंपनी-करार आधीच केलेला असू शकतो. अपाचेच्या कंपनी-करारात अधिकृत कर्मचाऱ्यांची यादी जोडलेली असते. तुमच्या कंपनीने असा करार केलेला असेल तर यादीत नाव घालून घेतलं की मालकाच्या परवानगीचा प्रश्न मिटतो; अपाचेत वैयक्तिक सही मात्र तरीही करावी लागते. लीगलकडून उत्तराला उशीर लागला तर त्याचं कारण बहुतेक वेळा पेटंटचं कलम असतं. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रामला भारतात पेटंट मिळत नाही, म्हणून आपण तो परिच्छेद न वाचताच पुढे जातो. पण अमेरिकेत सॉफ्टवेअरवर पेटंटं दिली जातात, आणि कंपनीने कंपनी-करार केला तर दिलेल्या कोडला लागू पडणाऱ्या तिच्या पेटंटांचा परवानाही सोबत जातो. वकील तेवढ्यासाठी थांबतात. त्यांचं थांबणं रास्त आहे.

आता "विकायला काढला तर". विकायला तर तुमची सही नसली तरी चालते. ओपन सोर्सचा कुठलाही परवाना विक्रीला मनाई करत नाही. तुम्हाला खुपतंय ते वेगळं आहे: आज सगळ्यांना मोकळा असलेला कोड उद्या कंपनीने बंदिस्त परवान्याखाली नेला तर? हे घडलेलं आहे. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एजीपीएल हा खुला परवाना सोडून एसएसपीएल हा स्वतःचा परवाना लावला. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा एमपीएल हा खुला परवाना काढून बिझनेस सोर्स लायसन्स हा बंधनं घालणारा परवाना आणला. त्यातून फुटून निघालेला ओपनटोफू हा प्रकल्प आज लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. एजीपीएल आणि एमपीएल हे दोन्ही परवाने बदललेला कोड त्याच अटींवर खुला ठेवायला लावतात. बाहेरच्या शेकडो लोकांचा कोड आत असताना एका कंपनीला एकतर्फी परवाना बदलता यावा, यासाठी त्या सगळ्यांनी तसा अधिकार आधीच लिहून दिलेला असावा लागतो. ते काम सीएलए करतो.

पण इथे लोक एक चूक करतात आणि सगळा दोष सीएलएवर टाकतात. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसनेही परवाना बदलला, त्यातून वाल्की हा फाटा निघाला. रेडिसचा जुना परवाना बीएसडी होता, आणि बीएसडी मुळातच असा आहे की मूळ सूचना जपून पुढची आवृत्ती कुणीही हव्या त्या परवान्याखाली काढू शकतो. तिथे त्यासाठी सीएलए लागतच नाही. म्हणून आधी लायब्ररीच्या मुळाशी असलेली लायसन्सची फाइल उघडा. एमआयटी, बीएसडी किंवा अपाचे असेल, तर सही न करतासुद्धा तुमचा कोड बंद उत्पादनात जाऊ शकतो, आणि सीएलएमुळे या बाबतीत फारसं काही बदलत नाही. जीपीएल, एजीपीएल किंवा एमपीएल असेल आणि करार मागणारी एखादी व्यापारी कंपनी असेल, तर मात्र तुम्ही तिला कोड बंदिस्त करायचा असा हक्क देताय जो ती तुम्हाला देत नाही. तो सौदा डोळे उघडे ठेवून करा. मी अशा दोन प्रकल्पांना नाही म्हटलंय आणि एकाला हो म्हटलंय, कारण ती दुरुस्ती आत जाणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

करार कोणाशी होतोय हे म्हणूनच पाहायचं. अपाचेच्या कराराच्या सुरुवातीला एक वाक्य आहे, जे मला फार महत्त्वाचं वाटतं: तुमच्या योगदानाच्या बदल्यात फाउंडेशन ते लोकहिताच्या विरुद्ध किंवा आपल्या ना-नफा स्वरूपाशी विसंगत अशा रीतीने वापरणार नाही. ज्या कंपन्यांनी हा साचा उचलला, त्यांच्या करारात हे वाक्य सहसा सापडत नाही. तुमच्या समोरच्या करारात ते आहे का ते शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग सीएलए मागावाच कशाला? तो मागणाऱ्यांची बाजूही खरी आहे. ओपनएसएसएल या इंटरनेट सुरक्षेच्या लायब्ररीला आपला जुना, अडचणीचा परवाना सोडून अपाचे परवान्याकडे जायचं होतं. जुन्या लोकांनी काहीच लिहून दिलेलं नव्हतं. २०१७ मध्ये त्यांना सुमारे ४०० लोकांना मेल पाठवून संमती मागावी लागली, त्यातले कित्येक पत्ते बदललेले. नव्या परवान्याची ३.० आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. ज्याने असा शोध घेतलाय, तो पुढच्या प्रत्येकाकडून सही मागतो, यात नवल नाही.

लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, मात्र वेगळी वाट धरली आणि मला स्वतःला ती जास्त पटते. मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समधला कोड कुठून आला यावर जगभर प्रश्नचिन्ह लागलं. उत्तर म्हणून २००४ मध्ये डीसीओ आलं, म्हणजे कोडच्या उगमाचं प्रमाणपत्र. यात कोणाला काही जास्तीचं लिहून द्यायचं नसतं. प्रत्येक कमिटखाली "साइन्ड-ऑफ-बाय" आणि आपलं नाव, बस. हा कोड मला या परवान्याखाली द्यायचा अधिकार आहे, एवढीच ती ग्वाही. जो परवाना आत येताना, तोच बाहेर जाताना. गिटलॅब या कोड-होस्टिंग कंपनीनेही २०१७ मध्ये सीएलए सोडून बाहेरच्या योगदानासाठी डीसीओचा मार्ग घेतला. पण एक लक्षात असू द्या: नोकरीचा प्रश्न डीसीओत सुटत नाही. कमिट करताना मायनस एस (ती ओळ आपोआप जोडणारा पर्याय) लावलं की तीच कबुली तुम्ही दर कमिटला देताय, आणि तिथे बॉट अडवून वाचायला लावत नाही म्हणून मुलं ती आणखी बेफिकिरीने देतात.

या पंधरा ओळींतल्या काही एआय सहायकाने लिहिल्या असतील तर प्रकल्पाचे नियम आधी बघा. क्यूईएमयू या ओपन सोर्स प्रकल्पाने २०२५ मध्ये असा कोड घ्यायला नकार दिला, तो याच कारणाने: ज्याचा उगम सांगता येत नाही, त्याची ग्वाही द्यायची कशी? आणि तुमच्याबरोबर कॉलेजातला धाकटा भाऊ कोड पाठवत असेल आणि त्याला अठरा पूर्ण नसतील, तर त्याने स्वतः सही करू नये. करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तो करार करूच शकत नाही. प्रकल्पाला लिहून पालकांची सही चालेल का ते विचारावं.

परवानगी हातात आली की शेवटची अडचण अगदी किरकोळ असते, पण दहातले निम्मे लोक तिथे अडतात. बॉट तुमचं खातं बघतोच असं नाही; बरेच बॉट कमिटमधला मेल पत्ता बघतात. ऑफिसच्या लॅपटॉपवरून घेतलेली गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) सेटिंग तशीच राहिली असेल, तर कमिटवर ऑफिसचा पत्ता आणि करारावर जीमेलचा, आणि बॉट लाल खूण काढायला तयार नाही. घाईत ऑफिसचा पत्ता करारात घालू नका. त्याने हे काम कंपनीच्या वतीने केल्यासारखं दिसतं. गिटमध्ये खासगी पत्ता लावा, कमिटचा लेखक बदलून तो परत पुश करा आणि पुल रिक्वेस्टमध्ये एक ओळ लिहून बॉटला पुन्हा तपासायला सांगा. हिरवी खूण उमटायला बहुधा मिनिटभरही लागणार नाही. नाहीच उमटली, तर तपासणाऱ्याला नावानिशी लिहा. आम्ही ती अडचण आठवड्यातून दोनदा सोडवतो.